कुंदाकाकूंची बरणी

तीस-एक वर्षं युरोपात काढून पॅरिस न पाहिलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुंदाकाकू. जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मराठी मंडळात कुणी नवीन जोडपं आलं की गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत हा विषय निघायचाच.

"काकू, म्हणजे तुम्ही दरवर्षी फ्रान्सला जाता आणि पॅरिसला गेलाच नाहीत?"

"ते काय पळून जातंय?" मसालेभात वाढता वाढता काकू म्हणायच्या. "आणि तिथे माझं कोण आहे?"

मला या उत्तराची चीड यायची. मी पुण्याची. प्रवासाला निघायचं म्हणजे आधी महिनाभर रिव्ह्यू वाचायचे, कुठल्या किल्ल्याला ऑनलाइन तिकीट आहे, कुठल्या चौकात दुपारनंतर ऊन चांगलं पडतं हे सगळं शोधून ठेवायचं आणि मग नवऱ्याला धारेवर धरत ते एकेक करून उरकायचं, याला मी सुट्टी म्हणते. आणि ही बाई दर ऑगस्टला गाडीत बसायची, एकाच खेड्यात जायची, एकाच म्हातारीकडे राहायची आणि परत यायची. 'फ्रान्स फार छान आहे हो,' असं वर सांगायची. अहो, फ्रान्स म्हणजे काय बेझांसोंच्या पुढचं एक खेडं? सांगली बघून कुणी भारत पाहिला म्हणतं का?

"म्हणते ना मी," एकदा हे त्यांना ऐकवलं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या. त्या सांगलीच्याच.

काकूंची आणि माझी पहिली गाठ पडली तीच मुळी डब्यावरून. आम्ही नव्या घरात आलो त्या दिवशी खोक्यांच्या ढिगाऱ्यात मी रडकुंडीला आले होते. दारावरची बेल वाजली. दारात एक ठेंगणी, गोरीपान बाई, अंगात स्वेटर, त्यावर एप्रन, पायात लोकरीच्या चपला. हातात डबा. "थालीपीठं आहेत. लोणी खाली लावलंय, उलटं उघडू नकोस," एवढं म्हणून गेल्यासुद्धा. मी चार दिवसांनी डबा घासून, पुसून, लख्ख करून वर नेऊन दिला. काकूंनी झाकण काढलं. आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"रिकामा देऊ नये गं डबा. काही नसलं तर चिमूटभर साखर घालावी."

मला वाटलं, झालं, सासूपासून सात हजार किलोमीटर लांब आले तर इथे वरच्या मजल्यावर दुसरी. पण काकूंनी लगेच स्वयंपाकघरात नेऊन मला साखरेचा डबा दाखवला, त्यातली चिमूट माझ्या हातानं डब्यात घालायला लावली आणि म्हणाल्या, "हां, आता आणलास. बस, चहा टाकते."

हा नियम त्यांनी साऱ्या इमारतीला लावला होता. तळमजल्यावरच्या जर्मन बाईंनी एकदा त्यांना ॲपल केकचा तुकडा बशीतून दिला. काकूंनी बशी परत केली ती करंज्या घालून. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांच्यात बशी धुऊन परत केली की विषय संपला. करंज्या आल्या म्हणजे आता आपण काहीतरी करायला हवं असं वाटून त्यांनी बिस्किटं दिली, काकूंनी डब्यातून चिवडा पाठवला, आणि हे असं नाताळपर्यंत चाललं. शेवटी त्या बाई जिन्यात माधवकाकांना गाठून म्हणाल्या, "हेर सबनीस, तुमच्या बायकोला सांगा, मी दमले." काका हसत वर आले. काकूंना काही त्यात हसण्यासारखं दिसलं नाही. "दमल्या तर दमू देत. माणसं दमतात ती येण्याजाण्यानंच," असं त्यांचं म्हणणं. जिना पुसायची पाळी, म्हणजे इथली केरवोखं, ती मात्र काकू इथल्या काटेकोर स्वाबियन लोकांच्याही वर ताण करून पाळायच्या. पाळी माझी असली आणि मी कंटाळा केला तर त्या वरून बादली घेऊन उतरायच्या आणि मला लाज वाटेल इतक्या हळू पुसायच्या.

माधवकाका गिअरबॉक्सचे इंजिनिअर. शांत माणूस. आयुष्यभर गिअरबॉक्सचे आवाज ऐकले. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीकडे न बघता सांगायचे, "याचा तिसरा जाणार." त्यांची आयुष्यात एकच हौस होती, दक्षिण फ्रान्सचा निळा समुद्र. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी त्यासाठी गवताची एक मोठ्या कडांची टोपी घेतली, कुणाची तरी जुनी गाडी विकत घेतली, आणि दोघं निघाली. तर बेझांसों ओलांडल्यावर एका घाटात गाडी थांबली. काय गेलं असेल? गिअरबॉक्स. हा किस्सा काका स्वतःच सांगायचे, आणि सांगताना काकू मध्येच म्हणायच्या, "वैद्याच्या घरी खोकला."

ऑगस्ट महिना. ऑगस्टमध्ये फ्रान्सात गॅरेजवाला मिळणं म्हणजे दिवाळीत सांगलीत सोनार मोकळा सापडण्यासारखं. गाव उतारावर, खाली नदी, घरांच्या लाकडी खिडक्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोघं नदीकाठच्या दगडावर बसून राहिली. मग वरच्या घरातून एक बाई खाली आली. उंच, काटक, हातात पाण्याचा जग. तिनं काकूंना पाणी दिलं आणि त्यांच्या साडीचा काठ बोटांत धरून बघितला. ती ओदेत.

गॅरेजवाला सुट्टीवरून येईपर्यंत दोघं ओदेतबाईंच्या माडीवर राहिली. काकूंना तेव्हा जर्मनही धड येत नव्हतं, फ्रेंचचा तर प्रश्नच नाही. त्या मराठीत बोलायच्या, ओदेत फ्रेंचमध्ये. काका म्हणायचे, "मी दोघींच्या मध्ये दुभाषा म्हणून बसलो होतो, पण मला दोन्हीतलं काही विचारलंच नाही कुणी." निघताना ओदेतबाईंनी काकूंच्या हातात चेरीच्या मुरांब्याची बरणी ठेवली. काचेची, जाड, झाकणावर लाल-पांढऱ्या चौकड्या.

आता तिकडे हा मुरांबा म्हणजे वाटेत खायला दिलेला खाऊ. खावा आणि बरणी टाकून द्यावी. पण काकूंच्या डोक्यात ते कसं बसणार? भांडं दिलंय म्हणजे ते परत करायचं, आणि परत करायचं म्हणजे भरून. नेकारसुल्मला आल्यावर त्यांनी बरणी धुतली, उन्हात वाळवली आणि पुढचं वर्षभर तिच्यात लिंबाचं गोड लोणचं मुरायला ठेवलं. पुढच्या ऑगस्टला दोघं पुन्हा समुद्राला निघाली. वाटेत बरणी द्यायला थांबली. ओदेतबाईंनी लोणचं चाखलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेडला लोण्यावर फासून खाल्लं, आणि निघताना बरणी मुरांब्यानं भरून परत दिली. झालं. आता ती पुन्हा परत करायला हवी.

तेव्हापासून हे सुरू. बरणी एकच. जाताना मोरावळा, येताना चेरी. जाताना सांगलीहून आणवलेले बेदाणे, येताना पुन्हा चेरी. ("द्राक्षांच्या मुलखात बेदाणे नेतेस?" काका म्हणाले होते. "लग्नात मुलीला सोनं घालतात म्हणून काय तिच्याकडे सोनं नसतं?" काकू.) ओदेतबाई गावातल्या बायकांना बोलवायच्या, बरणी उघडायच्या, सगळ्या चमच्या-चमच्यानं चाखायच्या आणि लांबलचक चर्चा करायच्या. पाहुणचार एवढा व्हायचा की समुद्राला जायला दिवस उरायचे नाहीत. काका टोपी ओदेतबाईंच्या दाराजवळच्या खुंटीला अडकवायचे. एका वर्षी ती तिथेच राहिली. "राहू दे," काका म्हणाले, "पुढच्या वर्षी इथूनच घेऊन पुढे जाऊ." ते दरवर्षी म्हणायचे.

एका ऑगस्टला आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो. मी, माझा नवरा निखिल आणि आमची सई. मी अर्थातच सगळं आखलं होतं. दुपारी बारापर्यंत बेलफोरचा किल्ला, मग बेझांसों, मग काकूंना खेड्यात सोडून आम्ही पुढे. दोन गाड्या होत्या, पण काकू आमच्या गाडीत बसल्या, कारण सई त्यांना हवी होती. सईला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. काकूंना त्याचं काही नाही. "मराठी आत जातंय ना? मग येईल कधीतरी बाहेर," म्हणायच्या.

ऱ्हाइनचा पूल आला. इथे सीमा म्हणजे नुसती एक पाटी. गाडीचा वेगही कमी होत नाही. काकूंनी पिशवी मांडीवरून बाजूला केली, हात जोडले, डोळे मिटले. सईनं जर्मनमध्ये का म्हणून विचारलं, "वारूम?"

"नदी ओलांडतोय. नदीला सांगून जावं," काकू म्हणाल्या.

बेलफोरला बेकरीत मी सरळ काउंटरला गेले आणि इंग्रजीत चार क्रोसाँ मागितले. काउंटरवरची बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बोंजूर." नमस्कार. मी पुन्हा म्हटलं, चार क्रोसाँ. ती पुन्हा, अगदी सावकाश, "बोंजूर, मादाम." माझं डोकं फिरलं. पाठीमागे रांग, समोर क्रोसाँ, बोटानं दाखवतेय, आणि ही बया मला शाळा शिकवतेय. मी काहीतरी बोलणार एवढ्यात काकूंनी मला हातानं मागे केलं. पदर सावरल्यासारखा ओढणीला हात लावला, मान थोडी लववली आणि म्हणाल्या, "बोंजूर मादाम." ती बाई फुलली. "बोंजूर मादाम." मग काकू शुद्ध मराठीत म्हणाल्या, "चार द्या हो, ताजे बघून. पोरगी आहे बरोबर." चार क्रोसाँ आले, आणि सईच्या हातात एक छोटा पाव वेगळा.

"देवळात शिरल्यावर आधी घंटा वाजवतेस ना?" बाहेर आल्यावर काकू मला म्हणाल्या. "का सरळ मागायला लागतेस? दुकान तिचं घर आहे. आधी ती दिसली पाहिजे तुला, मग तिचे क्रोसाँ."

मी गाल फुगवून बसले. कारण बाई बरोबर होती. जर्मनीत राहून मला कामाचं बोलायची इतकी सवय लागली होती की माणूस दिसणंच बंद झालं होतं. आल्झो, तर मग, काय हवं ते सांगा, गेनाऊ, बरोबर, घ्या, पुढचा. इथे तसं चालत नाही. इथे कंडक्टरला, टपालवाल्याला, लिफ्टमध्ये शिरणाऱ्या परक्या माणसालाही आधी बोंजूर. काकूंना सबंध फ्रेंच भाषेतले चार शब्द येत होते, पण ते त्या ज्या सुरात म्हणायच्या त्यानं पुढची सगळी मराठी खपून जायची.

बेझांसोंच्या अलीकडच्या एका गावात आम्ही पोचलो तोवर साडेबारा झाले. सगळं बंद. बाजार उठलेला, औषधाचं दुकान बंद, ज्या संग्रहालयासाठी मी वाट वाकडी केली होती तेही बंद. मी तिथल्या दारावरची पाटी वाचून निखिलवर भडकले, जणू ते त्यानंच बंद केलं होतं. "पुण्यातसुद्धा इतकं नाही," मी म्हटलं.

काकू चौकातल्या चिनाराच्या झाडाखाली बाकावर बसल्या होत्या. डबा उघडला होता. आत गुळाच्या दशम्या. "ये, बस," त्या म्हणाल्या. "गाव बंद नाही झालेलं. गाव जेवतंय. ऐक जरा."

आणि खरंच, मी गप्प बसल्यावर ऐकू आलं. बंद झडपांमागे काटेचमचे वाजत होते. कुणीतरी हसत होतं. कुठल्यातरी माडीवरून तळलेल्या कांद्याचा वास आला. दशमी खात आम्ही तिथे तासभर बसलो. त्या प्रवासातलं दुसरं काहीही मला आज इतकं आठवत नाही, फोटो कितीतरी आहेत तरी.

आम्ही काही त्या दिवशी पुढे गेलो नाही. ओदेतबाईंनी सोडलंच नाही. मागच्या अंगणात लांब टेबल मांडलं होतं. जेवण बारा पदार्थांचं वगैरे नव्हतं. टोमॅटो, बटाटे, चीज, ब्रेड, आणि काकूंसाठी त्यांनी मुद्दाम केलेली मटाराची रस्साभाजी, त्यात काकूंनीच कधीतरी आणून दिलेली हळद. पण प्रत्येक पदार्थ वेगळा यायचा, त्याच्याबद्दल बोलणं व्हायचं, मग तो संपायचा, मग पुढचा. चीज खाताना ओदेतबाई ते कुठल्या कुरणातल्या गाईचं ते सांगायच्या. काकू सांगलीच्या म्हशीबद्दल सांगायच्या. आणि गंमत म्हणजे एकीचं संपेपर्यंत दुसरी थांबायची. मी ऑफिसात एकाच भाषेत बोलणाऱ्या लोकांच्या मीटिंगांत बसते. तिथे असं कुणी थांबत नाही.

मला त्या दिवशी काकूंचा हेवा वाटला. मी फ्रान्सची इतकी शहरं पाहिलीत, पण तिथे एकही दार असं नाही की जिथे मी गेले नाही तर कुणाला चुकल्यासारखं वाटेल.

त्यानंतर दोन वर्षांनी माधवकाका गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले. काकूंनी ओदेतबाईंना फोन केला तेव्हा मी शेजारी होते. काकू मराठीत सांगत होत्या, "अहो, हे गेले हो." पलीकडून फ्रेंच. दोघी रडत होत्या, मध्येच थांबून ऐकत होत्या, पुन्हा रडत होत्या. मला मोबाइलवर भाषांतर करून द्यायला बोलावलं होतं. मी नुसती उभी राहिले.

काकूंना गाडी येत नव्हती. ते वर्ष गेलं, त्याच्या पुढचंही गेलं. बरणी त्यांच्या ओट्यावर खिडकीशी होती, धुतलेली. मुलगा समीर जर्मनीतच दुसऱ्या गावी, उंटरश्लाइसहाइमला, कामात बुडालेला, पण चांगला मुलगा. "आई, इकडे ये," म्हणायचा. काकू जाऊन राहून आल्या. परत येऊन म्हणाल्या, "सगळे चांगले आहेत गं. पण दिवसभर कुणी नाही. टीव्ही बोलतो, पण माझं ऐकत नाही." आणि एक दिवस त्यांनी जाहीर केलं की त्या सांगलीला धाकट्या बहिणीकडे जाणार. कायमच्या. घराचा करार संपवला, फर्निचर वाटलं, राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन इथलं नाव कमी करायचं आबमेल्डुंगही करून आल्या. सगळं झालं. राहिली बरणी.

"ती पोचवल्याशिवाय मी विमानात बसणार नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, पार्सल करू. दोन दिवसांत जाईल."

"भांडं कुणी पोस्टानं परत करतं का?"

म्हटलं, ठीक आहे, मी नेते तुम्हाला. "काय भरणार या वेळी? मोरावळा?"

काकू बरणीचं झाकण लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "रिकामीच देणार."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझ्याकडून चिमूटभर साखर घालून घेणारी बाई ही.

"अगं, भरून दिली तर तिला ती भरून परत करावीशी वाटेल. ती कुणाला करणार? मी तर नसणार. म्हातारी बाई ती, माझ्याहून मोठी. रोज ती बरणी बघून जिवाला घोर लावून घेईल. तिला का त्यात अडकवू? रिकामी दिली की ती मोकळी. मीही मोकळी." हे सगळं त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या. मग नाक पुसलं. "आयुष्यात एकदाच करणार आहे असं. तू मध्ये बोलू नकोस."

मी बोललेच. म्हटलं, काकू, हे मला पटत नाही. इतकी वर्षं भरून दिलीत आणि शेवटची भेट रिकाम्या हातानं? त्यांना काय वाटेल? काकू म्हणाल्या, "वाटेल ते वाटू दे. सुटेल तरी." त्यांचा हट्ट मला माहीत होता. आम्ही एका शनिवारी पहाटे निघालो. बरणी टॉवेलात गुंडाळून काकूंच्या मांडीवर. ऱ्हाइनवर त्यांनी हात जोडले ते पूल संपून बराच वेळ झाला तरी जोडलेलेच होते.

ओदेतबाई दारातच खुर्चीत बसल्या होत्या. पुढे चाकांचा वॉकर. बऱ्याच वाकल्या होत्या, पण डोळे तेच. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. दाराजवळच्या खुंटीला माधवकाकांची गवताची टोपी तशीच होती, धूळ झटकलेली. काकूंनी तिला हात लावला, काढली मात्र नाही.

जेवण तसंच सावकाश झालं. स्वयंपाक ओदेतबाईंच्या भाचीनं केला होता, पण पदार्थांबद्दल बोलल्या ओदेतबाईच. कॉफी झाली. मग काकूंनी टॉवेल सोडला आणि बरणी दोन्ही हातांनी पुढे केली.

ओदेतबाईंनी ती उजेडात धरली. झाकण काढलं. आत बघितलं. मग काकूंकडे बघितलं. मी कितीतरी वर्षांपूर्वी तशी नजर माझ्यावर रोखलेली पाहिली होती.

"सांग तिला," काकू मला म्हणाल्या. मी फोन काढला आणि काकू बोलल्या ते सगळं त्यात बोलले. मी कायमची जाते आहे. पुन्हा येणं होणार नाही. म्हणून रिकामी आणली, तुम्हाला परत करायचा घोर नको. फोननं ते फ्रेंचमध्ये वाचून दाखवलं. त्या यांत्रिक बाईच्या आवाजात ते इतकं कोरडं वाटलं की मलाच तो फोन नदीत फेकावासा वाटला.

ओदेतबाईंनी पूर्ण ऐकलं. मग फोनकडे बोट करून मला काहीतरी विचारायला सांगितलं. मी मराठी करून वाचलं. "तिकडे चेरी मिळते का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "सांगलीत कुठली चेरी?"

"आलोर," ओदेतबाई म्हणाल्या. मग काय तर, अशा अर्थाचं. उठल्या, वॉकर ढकलत आत गेल्या. भाची मदतीला धावली तर तिला हातानंच परत पाठवलं. आतून बराच वेळ पातेल्याचा, चमच्याचा आवाज येत राहिला. आल्या तेव्हा वॉकरच्या टोपलीत बरणी होती, काठोकाठ भरलेली. त्यांनी ती काकूंच्या मांडीवर ठेवली आणि वरून स्वतःचा हात ठेवला. काकू "नाही हो, नको, ऐका तरी" म्हणत राहिल्या, मराठीतच. आजवर त्या बाईंना काकूंचं मराठी सगळं कळत आलं होतं. तेवढंच नेमकं कळलं नाही.

परतताना काकू म्युलूझपर्यंत नुसत्या चिडलेल्या होत्या. "हट्टी आहे. पहिल्यापासून हट्टी. मी मोकळी व्हायला गेले होते. आता मी काय करू सांग. सांगलीहून बरणी भरून कोण घेऊन येणार? हे असते तर..." मग त्या खिडकीकडे तोंड करून रडल्या. मी गाडी चालवत राहिले. मलाही रडू येत होतं, आणि काकूंवर रागही येत होता, कारण मला वाटत होतं ही बाई जाऊच नये. ते मी त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे गं. समोर बघ."

फ्रांकफुर्टच्या विमानतळावर समीर, मी, निखिल आणि सई असे सगळे होतो. बॅगा आत गेल्या. आणि मग काउंटरवरच्या मुलीनं काकूंच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट करून विचारलं, यात काही द्रव पदार्थ? काकूंनी बरणी काढून दाखवली. काच बॅगेत फुटेल म्हणून त्यांनी ती हातात ठेवली होती. मी घरी दहा वेळा सांगितलं होतं, पण माझं कोण ऐकतं. मुलगी म्हणाली, मुरांबा हा द्रव धरतात, आत नेता येणार नाही, टाकून द्यावा लागेल.

"टाकून?" काकू म्हणाल्या.

समीर म्हणाला, "आई, मी ठेवतो माझ्याकडे." मी म्हटलं, माझ्याकडे द्या. काकूंनी आम्हा दोघांकडे असं बघितलं की आम्ही पुढे केलेले हात मागे घेतले. त्या समोरच्या बाकावर जाऊन बसल्या, पिशवी बाजूला ठेवली, झाकण उघडलं.

"समीर, ब्रेत्सेल घेऊन ये. सगळ्यांना."

तो ते पीळदार पाव घेऊन आला. आणि मग त्या गर्दीत, चाकांच्या बॅगा इकडून तिकडे पळत असताना, आम्ही पाच जणांनी ओदेतबाईंचा चेरीचा मुरांबा खारट ब्रेत्सेलबरोबर खाल्ला. पहिला घास काकूंनी बाजूला काढून ठेवला, तो कुणासाठी हे कुणी विचारलं नाही. काकू घाई करू देत नव्हत्या. "सावकाश. जेवताय ना?" सईची बोटं लाल झाली. तळाशी राहिलेलं काकूंनी बोटानं पुसून सईला चाटवलं. मग त्या उठल्या, बाथरूममध्ये गेल्या, आणि बरणी धुऊन ओढणीनं पुसत पुसत बाहेर आल्या.

सगळ्यांना जवळ घेऊन झालं. काकू सईच्या गालावरून हात फिरवत होत्या तेव्हा ती म्हणाली, "काकू, परत या." मराठीत. काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली.

तपासणीच्या दाराशी गणवेशातली एक जाडजूड बाई पास बघत होती. काकू तिच्यासमोर थांबल्या. "गुटन टाग," आधी म्हणाल्या. ती बाई जरा चपापली आणि तिनंही म्हटलं. मग तिनं काकूंच्या हातातल्या बरणीकडे बोट केलं.

"लेअर?" तिनं विचारलं. रिकामी?

काकूंनी बरणी उजेडात धरून तिला दाखवली.

"या," त्या जर्मनमध्येच म्हणाल्या. "नोख." हो. अजून तरी.

आणि बरणी छातीशी धरून आत गेल्या.